तीन हातांचा कॅमेरा

कुणाच्याही घरात गेले की काका आधी भिंतीवर तळहात ठेवतात, मग माणसांकडे बघतात.

चहा पिण्याआधी कप खिडकीकडे धरून रंग बघतात. पटला नाही तरी पितात, पण सांगून.

नुसतं 'पांढरा' असं कधी म्हणत नाहीत. साबणाचा पांढरा, चुन्याचा पांढरा, पाहुण्यांसाठी काढलेल्या चादरीचा पांढरा.

शर्टाच्या आतल्या खिशात कॅमेऱ्याची जादा बॅटरी ठेवतात. ऊब मिळाली की ती जास्त चालते, असं त्यांचं मत. एवढी ऊब त्यांनी पोरांनाही दिली नाही, असं काकूंचं मत.

फोटो काढला की कॅमेरा कानाशी धरतात आणि ओठांवर बोट ठेवतात. कॅमेऱ्याने फोटो गिळेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

त्यांची सगळ्यात वाईट शिवी म्हणजे 'बिनपुट्टीचा माणूस', खाचा न भरताच वर रंग दिलेला. ती मी एकदाच ऐकली. एका दंतवैद्याबद्दल.

काका घरं रंगवतात. मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासते. खोली बघायला आले तेव्हा ते दारात ब्रश धूत बसले होते.

"शिक्षण काय?"

"साहित्य."

"कुठलं? बांधकामाचं?"

"नाही, पुस्तकांचं."

"मग ते साहित्य नव्हे. साहित्य म्हणजे डबे, ब्रश, पॉलिश पेपर."

"अहो," आतून काकू म्हणाल्या, "तिला खोली द्यायचीय. कामावर नाही ठेवायचं."

तेव्हापासून मी 'साहित्य'. "साहित्य आलं का गं?" असं त्यांनी विचारलं की काकूंना दर वेळी उलट विचारावं लागतं, दुकानातलं की वरच्या खोलीतलं.

काकांना स्वतःलाही एक नाव आहे. रंगाच्या एका थराला रंगारी 'हात' म्हणतात. गिऱ्हाईक दोन हातांवर खूश असतं. काका भिंतीपुढे मान तिरकी करून उभे राहतात आणि विचारतात, "तिसरा मारू?" नको म्हटलं तरी मारतात. गल्लीत त्यांना 'तिसरा हात' म्हणतात. ते त्यांना आवडतं.

कॅमेराही त्यांनी याच कारणाने घेतला. जुन्या वस्तूंच्या दुकानात तो एका बंद पडलेल्या पंख्यामागे पडला होता. जाडजूड, विटेसारखा. दुकानदार कॅमेऱ्याचा शौकीन निघाला.

"याच्या सेन्सरची गंमत आहे," तो म्हणाला. "बाकीच्या कॅमेऱ्यांत एक ठिपका एकच रंग पकडतो. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतात."

"शेजाऱ्यांना विचारून संसार."

"तसंच. याच्यात प्रत्येक ठिपक्याला तीन थर. वरचा निळा पकडतो, मधला हिरवा, खालचा लाल. एकावर एक."

काका हातातला कॅमेरा खाली ठेवायला तयार होईनात.

"सेकंड हँड आहे हं," दुकानदार म्हणाला. "नंतर तक्रार नको."

"सेकंड कसला? थर्ड हँड आहे."

"नाही हो, आधी एकच मालक होता!"

"तीन हात मारलेत म्हणतोय मी."

दुकानदार बिचारा शेवटपर्यंत शपथेवर सांगत राहिला की एकच मालक होता.

कॅमेऱ्याचे नखरे घरी आल्यावर कळले. भरपूर उजेड असेल तर तो वेड लावतो. भिंतीवरून फिरलेल्या रोलरची एकेक रेघ दिसते. उजेड कमी झाला की त्याचं डोकं फिरतं. काकूंचा स्वयंपाकघरातला फोटो काढला तर दोन्ही गालांवर हिरवे-जांभळे डाग आले.

"मेल्याला माझ्यावर शेवाळ दिसतंय," काकू म्हणाल्या.

"अंधारात काढला म्हणून."

"अंधारात माझ्यावर शेवाळ येतं?"

एक फोटो गिळायला त्याला इतका वेळ लागतो की तेवढ्यात लहान मुलं रडून, हसून, निघूनही जातात. म्हणून काका माणसांच्या वाटेला जात नाहीत. भिंतींचे फोटो काढतात. स्वतः रंगवलेल्या, अजून कपाटं न लागलेल्या. "मी एवढी भिंत घोटतो आणि लोक त्यावर कपाट ठोकतात," हे त्यांचं जुनं दुःख.

हे फोटो साध्या कुठल्याच प्रोग्रॅममध्ये उघडत नाहीत. कॅमेऱ्याच्या कंपनीचाच एक म्हातारा प्रोग्रॅम लागतो. तो माझ्या लॅपटॉपवर चालतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी काका वर येतात, शेजारी स्टूल ओढतात आणि आम्ही भिंती बघतो. फोटोत कुठेही बाण नेला की तीन आकडे दिसतात, लाल, हिरवा, निळा. तिघांचे आकडे सारखे आले की तो खरा पांढरा. काकांना हे फार पटलं. "तिघं भाऊ सारखे वाढले की घर उजळतं," ते म्हणायचे.

मग दंतवैद्याचं काम आलं.

नवा दवाखाना होता. डॉक्टर तरुण, टापटिपीचे. त्यांना भिंती दातासारख्या पांढऱ्या हव्या होत्या. काकांनी पांढऱ्यात निळ्याचे थेंब टाकत रंग बनवला. सगळेच रंगारी टाकतात, त्याने पांढरा स्वच्छ दिसतो. किती टाकायचा, हे काका डोळ्याने ठरवतात. रंगकंपनीचं तयार नमुन्यांचं शेडकार्ड कधी वापरत नाहीत. "पोहता येणाऱ्याने पाठीला भोपळा कशाला बांधायचा?"

मी काकूंनी दिलेला जेवणाचा डबा घेऊन गेले, तेव्हा वाद रंगात आला होता. डॉक्टरांच्या हातात एका पट्टीवर ओळीने बसवलेले नमुन्याचे दात होते. कवळीचा रंग जुळवायला ते वापरतात. त्यांनी पट्टी भिंतीला लावली.

"काका, भिंत निळी आहे."

"डॉक्टर, दात पिवळे आहेत."

"यातला सगळ्यात पांढरा दात लावलाय मी."

"मग तुमच्या नमुन्यालाच कीड लागलीय."

कोपऱ्यात फाइली लावत असलेली रिसेप्शनिस्ट फिस्सकन हसली. डॉक्टर हसले नाहीत. पण त्यांनी आवाजही चढवला नाही.

"आणखी एखाद्या रंगाऱ्याला दाखवू का?" एवढंच म्हणाले.

काकांना हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला.

"दात धरा तिथेच. हा सांगेल. हा शेजाऱ्याला विचारत नाही."

फोटो निघाला. कॅमेरा कानाशी गेला, बोट ओठांवर गेलं. आम्ही सगळे गप्प उभे राहिलो. डॉक्टरसुद्धा, दात धरून.

जिन्यावरून उतरताना काका म्हणाले, "बिनपुट्टीचा माणूस!"

घरी येऊन फोटो उघडला. काका स्टुलावर बसले. "बघ. चादरीसारखी पांढरी."

मला भिंत निळसर दिसत होती. काकांच्या सगळ्याच भिंती तशा असत. माझी खोलीही. मला वाटायचं, हीच यांची धाटणी. बाण भिंतीवर नेला. लाल आणि हिरवा जवळजवळ होते. निळा पुढे होता.

"निळा पुढे गेलाय, काका."

"ढग आला असेल. डोकं फिरलंय त्याचं."

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यातून कोऱ्या कागदाचं बंडल आणलं. दवाखान्यातल्या खिडकीच्या उजेडात भिंतीला कागद चिकटवला. हा कागद म्हणजे पांढरा, असं कॅमेऱ्याला ठरवून दिलं आणि फोटो काढला. कागदावर तिघं सारखे आले. कागदाबाहेर भिंतीवर निळा पुढे.

"कागद जुना आहे," काका म्हणाले.

"आत्ताच बंडल फोडलं तुमच्यासमोर."

त्यांनी भिंतीवरून कागद काढला. खिडकीशी नेला. उलटा केला. सुलटा केला.

"तुला हा कसा दिसतो?"

"पांढरा."

"मला पिवळट दिसतो." मग भिंतीकडे बोट केलं. "ती पांढरी दिसते."

मी बंडलातून दुसरा कागद काढून दिला. तोही त्यांना पिवळटच दिसला.

मग काका म्हणाले, "म्हणजे भिंत नव्हे. माझ्या डोळ्यात कुणीतरी पिवळा हात मारलाय. आणि मी तो मोडायला डब्यात निळा ओततोय."

हसले. पण खाली आल्यावर कॅमेरा न पुसताच फडताळात ठेवला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"मोतीबिंदू असेल," काकू म्हणाल्या. "माझ्या आईलाही होता."

"तुझी आई रंग देत नव्हती."

"नावं तर ठेवत होती? ऑपरेशननंतर जास्त ठेवायला लागली. सगळं दिसायला लागलं ना."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदूच सांगितला. दोन्ही डोळ्यांत. आधी एक काढू, मग काही दिवसांनी दुसरा. काकांना भीती सुयांची नव्हती.

"हात थरथरला तर रोलर आहे," ते मला म्हणाले. "शिडी चढवेना झाली तर माणूस ठेवता येतो. पण पांढरा कुठे संपतो, हे दुसऱ्याला विचारायची वेळ आली तर मी रंगारी कसला? नव्या डोळ्याला पांढरा कळला नाही ना, तर डबे देऊन टाकीन."

दंतवैद्याकडे ते स्वतः गेले. "डॉक्टर, दात तुमचे बरोबर होते. डोळा माझा चुकला. थांबाल?"

"उद्घाटनापर्यंत थांबतो. पण काका, शेडकार्डाने करून टाका की. आजच होईल."

"शेडकार्डाने तर तुम्हीही कराल."

डॉक्टर म्हणाले, "बरं. थांबतो."

पहिल्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा मी आणि काकू दवाखान्यात होतो. काकांनी पलंगावरच्या चादरीकडे बघितलं आणि पाय वर घेतले.

"अगं, दूध सांडलंय का?"

घरी येताना दारातच थबकले. "हे घर निळं कुणी केलं?"

"तुम्ही," काकू म्हणाल्या.

वर माझ्या खोलीत आले. चारी भिंती बघितल्या. "तू या बर्फात राहतेस? थंडी नाही वाजत?"

"मला आवडतो हा रंग."

"तुम्हा साहित्यवाल्यांना काय, काहीही आवडतं."

मग त्यांनी गल्ली पालथी घातली. स्वतः रंगवलेलं एकेक घर शोधायचं, समोर उभं राहायचं, आधी एक डोळा मिटायचा, मग दुसरा. जुन्या डोळ्याने पांढरं, नव्याने निळं. जुन्याने पांढरं, नव्याने निळं. संध्याकाळी समोरच्या शिवणकामवाल्या बाई काकूंकडे आल्या. बसल्या नाहीत.

"तुमचे हे काल-परवापर्यंत बरे होते."

"काय झालं?"

"माझ्या दारात उभं राहून डोळे मारतायत. एकदा या डोळ्याने, एकदा त्या डोळ्याने."

काकूंनी हसू आवरत सगळं समजावलं. त्या गेल्यावर काकांना म्हणाल्या, "अहो, लग्नाआधी मला एकदा तरी मारला असतात. आता भिंतींना कसले मारताय?"

काकांनी त्यांच्याकडे बघून एक डोळा मिटला. मग दुसरा. आणि मधेच थांबले. पुन्हा तेच केलं, सावकाश.

"साहित्य, गंमत आहे बघ. नव्या डोळ्याने ही स्पष्ट दिसते."

"म्हणजे सुरकुत्या," काकू म्हणाल्या.

"स्पष्ट म्हटलं मी. आणि जुन्याने बघितलं की उन्हात बसल्यासारखी दिसते. आता ऊन नाही, तरी."

"मग ठेवा तोच डोळा."

हे काकूंनी थट्टेत म्हटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काका कप, ब्रश आणि रंगाच्या बाटल्या घेऊन वर आले.

"तुझी खिडकीजवळची भिंत दे मला."

"कशाला?"

"जुन्या डोळ्याचा पांढरा बनवतो. इतकी वर्षं तोच बघत होतो आणि मला पत्ताच नव्हता. आता दुसरं ऑपरेशन झालं की तो जाणार. कुठल्या दुकानात डब्यात मिळणार नाही. भिंतीवर करून ठेवतो."

पद्धत त्यांनीच काढली. खिडकीत कोरा कागद ठेवायचा. जुन्या डोळ्याने कागद बघायचा, नव्या डोळ्याने भिंतीवरचा ठिगळाएवढा चौकोन. दोन्ही सारखे दिसले की जमलं. पांढऱ्यात पिवळा टाकला की तो लोण्यासारखा व्हायचा. तपकिरी टाकला की मळका. प्रत्येक चौकोनाखाली ते पेन्सिलीने शेरा लिहायचे. 'फार गोड.' 'मेला.' 'बरा, पण हसत नाही.' शेरे वाचून मला वाटलं, आमच्या छापखान्यात येणाऱ्या कवितांना असे शेरे देणारा कुणी हवा होता.

प्रत्येक चौकोनाचा फोटोही व्हायचा.

"कॅमेऱ्यानेच थेट का नाही पकडत तो रंग?" मी विचारलं.

"त्याला माझ्या डोळ्याच्या आत बघता येत नाही. रंग आधी बाहेर भिंतीवर आणून दिला पाहिजे. मग तो सोडणार नाही."

ढग आला की काम थांबायचं. कॅमेरा गिळत असला की थांबायचं. बॅटरी संपली की काका खिशातली गरम बॅटरी काढायचे, थंड झालेली खिशात टाकायचे. चौकोन हळूहळू जवळ येत होते.

दवाखान्याचं उद्घाटनही जवळ येत होतं. एका दुपारी काका तिथला रंग मिसळायला गेले आणि न मिसळताच परत आले.

"एक डोळा म्हणतो बस कर, दुसरा म्हणतो अजून घाल. दोन सासवा आणि एक सून, तशी गत झालीय."

"जुना डोळा मिटून घ्या," मी म्हटलं.

"मिटला की शेजारी बसून कुरकुरतो. आणि एका डोळ्याने शिडीवर अंतर कळत नाही."

त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. दुसऱ्या दिवशीची एका माणसाची वेळ रिकामी झाली होती. येता का? नाहीतर पुढची वेळ उद्घाटनानंतरची.

काका वर आले. उजेड थोडाच उरला होता. त्यांनी पेन्सिलीने नवा चौकोन आखला, कपात रंग ढवळला, काडीने उचलून कागदाशेजारी धरला. एक डोळा, मग दुसरा.

"अजून हिरवट आहे," म्हणाले. "पण आता फार लांब नाही." चौकोनाखाली काहीतरी लिहिलं. मग कप खिडकीत ठेवून दिला.

"उद्या जातो."

मला धक्काच बसला. "आणि हा रंग? दोन-चार दिवसांत झाला असता!"

"झाला असता."

"परत कधीच करता येणार नाही, काका."

"माहितीय गं. पण त्या माणसाने माझ्यासाठी भिंत थांबवून ठेवलीय. शेडकार्ड हातात असताना. ही माझी हौस, ते माझं काम."

गेले खाली. जिन्यात शीळ घालत होते.

दुसरा डोळाही छान झाला. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर काका दंतवैद्याकडे गेले. सोबत मी आणि लॅपटॉप. त्यांनी डबा उघडला, निळ्याची बाटली तिरकी केली, एक थेंब पडू दिला. ढवळलं. दुसरा थेंब बाटलीच्या तोंडाशी आला आणि त्यांनी बाटली सरळ केली. भिंतीवर रुंद पट्टा ओढला. वाळेपर्यंत बोटांनी पँटीवर ताल धरला होता.

डॉक्टरांनी दातांची पट्टी आणली. सगळ्यात पांढरा दात भिंतीला लावला. जवळ गेले, लांब गेले. रिसेप्शनिस्टला बोलावलं. तीही जवळ गेली, लांब गेली.

"दात कुठाय?" ती म्हणाली.

काकांनी फोटो काढला. मी लॅपटॉप खुर्चीवर ठेवून फोटो उघडला, बाण भिंतीवर नेला. काका स्क्रीनकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तिघं सारखे," मी म्हटलं.

काकांनी डोळ्यांना पदर लावावा तसा खांद्यावरचा पंचा लावला. त्याला रंग लागलेला होता, म्हणून लगेच काढला. मग डॉक्टरांकडे वळले.

"दोन हात झाले की दाखवतो. आणि मग..."

"तिसराही मारा," डॉक्टर म्हणाले. "मी ऐकलंय तुमच्याबद्दल."

उद्घाटनाला काकू नटून गेल्या. प्रत्येक पाहुण्याला भिंत दाखवत होत्या. दात कुणी दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या खोलीत आले. खिडकीतल्या कपातल्या रंगावर साय धरली होती. त्यांनी ती काडीने बाजूला केली. चौकोनांच्या ओळीपुढे उभे राहिले. एक डोळा मिटला. दुसरा मिटला. काहीच बदललं नाही.

"यातला सगळ्यात जवळचा कुठला?" मी विचारलं.

"आता काय सांगू? ज्याला माहीत होतं त्यालाच काढून टाकलं."

काकू चहा घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी भिंत पहिल्यांदाच नीट बघितली.

"यातली उन्हात बसलेली मी कुठली?"

काकांनी एका चौकोनावर बोट ठेवलं. मग शेजारच्या. मग दोन्हींच्या मधे. "इथे कुठेतरी."

"पुसून टाकू का गं?" त्यांनी मला विचारलं. "उद्या एक हात मारला की भिंत साफ."

मी नको म्हटलं. काकूही नको म्हणाल्या, माझ्या आधी.

त्यामुळे भिंत तशीच आहे. सकाळी ऊन आलं की चौकोन वेगवेगळे दिसतात, दुपारी एक होतात. शेवटचा चौकोन नुसता पेन्सिलीने आखलेला आहे. आत काही नाही. खाली काकांच्या अक्षरात शेरा आहे, 'हिरवा थोडा कमी'.